पतंगाची नवी प्रजाती: चादरीवरच्या पहिल्या रात्रीपासून पेपर छापून येईपर्यंत

दर पावसाळ्यात कुणी ना कुणी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या पतंगाचा फोटो पाठवतं आणि खाली लिहिलेलं असतं, "हा कुठेच सापडत नाहीये, नवीन असेल का?" मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण मीही इथूनच सुरुवात केली होती. पण "मला सापडत नाही" आणि "विज्ञानाला माहीत नाही" या दोन गोष्टींमध्ये बरंच काम पडलेलं असतं, निदान दोन-तीन वर्षांचं, आणि त्यातलं जंगलातलं काम फार थोडं, बाकी सगळं जुने कागद आणि मायक्रोस्कोप. ते काम कसं करायचं हे नव्याने येणाऱ्या मंडळींना एका जागी मिळावं म्हणून हे लिहितोय. मी सह्याद्रीतला, त्यामुळे उदाहरणं इथलीच.

आधी अंदाज यावा म्हणून सांगतो. भारतात फुलपाखरं साधारण तेराशे-चौदाशे प्रजातींची आणि पतंग दहा हजारांहून जास्त. फुलपाखरांवर पुस्तकं भरपूर, पतंगांवर कमी, म्हणून नवीन काही मिळण्याची शक्यता खरंच आहे, अगदी घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावाच्या दिव्याखालीसुद्धा. पण त्याच कारणामुळे चुकण्याची शक्यताही तेवढीच मोठी आहे.

पायरी १: निदान एक पूर्ण वर्ष फक्त जुनं ओळखायला शिका

ही पायरी सगळे गाळतात. एक जागा धरा, घराजवळची, आणि वर्षभर महिन्यातून दोन-तीन वेळा तिथेच चादर लावा. एक पांढरी सुती चादर, दोन झाडांमध्ये दोरी, आणि समोर दिवा, उजेडाकडे आलेले पतंग चादरीवर बसतात. पूर्वी १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब लावायचे, हल्ली बॅटरीवर चालणारे यूव्ही एलईडी मिळतात आणि ते उचलायला सोपे, जनरेटरची भानगड नाही. अमावास्येच्या आसपासच्या रात्री चांगल्या, चांदणं असलं की गर्दी कमी. वारा नको, बारीक भुरभुर आणि दमट हवा असली तर सोनं. काही पतंग संध्याकाळी सात-आठलाच येतात, काही रात्री दोननंतर, त्यामुळे दहा वाजता आवरून झोपलात तर अर्धी मंडळी तुम्हाला कधी दिसणारच नाहीत. आणि पहाटे उजाडायच्या आत दिवा बंद करून चादर हलक्या हाताने झटका, नाहीतर सकाळी सातभाई आणि कोतवाल हे पक्षी येऊन रांगेने नाश्ता करतात. आपल्या दिव्यामुळे जीव गेले असं होऊ नये.

या वर्षभरात तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं जे कळेल ते म्हणजे एकच प्रजाती किती वेगवेगळी दिसू शकते. माझं उदाहरण सांगतो. संत्र्या-मोसंबीच्या बागा असलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्यांना फळातला रस शोषणारा पतंग चांगला माहीत आहे, युडोसिमा नावाचा जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. मागचे पंख भगवे-पिवळे, त्यावर काळा डाग, पुढचे पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान. त्यातला युडोसिमा फॅलोनिया मला पहिल्याच पावसात दोनदा मिळाला, एकदा पुढचे पंख साधे तपकिरी, आणि एकदा त्यावर पांढुरके-हिरवट ठिपके आणि रेघा. मी वहीत दोन वेगळ्या पानांवर दोन वेगळ्या चित्रांसकट दोन प्रजाती लिहून ठेवल्या. चार महिन्यांनी कळलं की साधा तो नर, ठिपक्यांची ती मादी, आणि या पतंगाचं वर्णन सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७६३ मध्येच केलेलं आहे. ती दोन पानं मी अजून जपून ठेवली आहेत, नवीन मुलं आली की आधी तीच दाखवतो.

नर-मादीतला फरक, पावसाळी आणि कोरड्या दिवसांतली रूपं, खवले झडून फिकट झालेला म्हातारा पतंग, आणि एकाच रात्री एकाच चादरीवर दिसणारे रंगाचे फरक, या चार गोष्टी डोळ्यात बसल्याशिवाय "नवीन" हा शब्द तोंडात आणू नका.

पायरी २: परवानगी

फोटो काढायला बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही, पण नवीन प्रजातीचं वर्णन फोटोवरून होत नाही, पतंग हातात लागतो. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, राखीव जंगल, इथे वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय एकही कीटक उचलायचा नाही, मग तो चादरीवर मेलेला मिळाला तरी नाही. अर्ज एखाद्या कॉलेज किंवा संशोधन संस्थेमार्फत केला तर सोपं जातं. खाजगी जागेत मालकाला विचारा, गावात दिवा लावणार असाल तर पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, रात्री बाराला रानात पांढरी चादर आणि निळा उजेड बघून माणसं घाबरतात, हा अनुभव आहे.

आणि परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी मुद्दाम: जैवविविधता कायदा २००२ नुसार परदेशी नागरिक आणि अनिवासी भारतीय यांना इथले जीव संशोधनासाठी घ्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. सुट्टीत गावी आलो, चार पतंग डबीत घालून नेले, असं चालत नाही. इथे कुणाबरोबर तरी रीतसर मिळून काम करा.

पायरी ३: गोळा करणं, आणि लेबल

थोडेच घ्या. एकाच रूपाचे चार-सहा, शक्यतो नर आणि मादी दोन्ही. एक पतंग मारण्याआधी मी अजूनही क्षणभर थांबतो आणि मला वाटतं प्रत्येकाने थांबावं, कारण त्या जिवाचं मोल आपल्या पुढच्या कामावर ठरणार असतं. इथिल अ‍ॅसिटेटची बरणी वापरायची, किंवा छोट्या डबीत घालून सरळ फ्रीजरमध्ये. बरणी मोकळ्या हवेत उघडायची, वास नाकात घ्यायचा नाही.

मग पिन छातीच्या बरोबर मधून, सरळ खाली. स्प्रेडिंग बोर्डवर पंख पसरताना पुढच्या पंखाची खालची कड धडाला काटकोनात आली पाहिजे, मागचा पंख तिच्याखाली थोडा सरकवायचा, वर ट्रेसिंग पेपरच्या पट्ट्या, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. पिन पंखातून टोचू नका, पट्टीच्या कडेने टोचा. पसरण्याआधी एक किंवा दोन पाय चिमट्याने काढून छोट्या नळीत शुद्ध इथेनॉलमध्ये टाका, ते डीएनएसाठी. नेहमी एकाच बाजूचे काढा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे वर्णनाला पूर्ण राहतात.

आता लेबल. मला विचाराल तर सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे. लेबल नसलेला पतंग म्हणजे नुसता सुंदर कचरा. देश, राज्य, जिल्हा, गाव, नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, कशाने पकडला, कुणी पकडला. तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत आहे, कारण ४/७ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल हे शंभर वर्षांनी कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी इथेनॉलच्या नळ्यांमध्ये घरच्या इंकजेटवर छापलेल्या बारीक चिठ्ठ्या टाकल्या होत्या. छान दिसत होत्या. पंधरा दिवसांनी नळ्या उजेडात धरल्या तर आतलं इथेनॉल फिकट जांभळं झालेलं आणि चारही चिठ्ठ्या कोऱ्या, एकही अक्षर नाही. कुठला पाय कुठल्या पतंगाचा ते सांगायला काहीच उरलं नाही, चारही नळ्या फेकाव्या लागल्या. तेव्हापासून नळीत फक्त पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, जाड कागदावर. पेन्सिल इथेनॉलमध्ये विरघळत नाही.

आणि कोकणातल्या, घाटातल्या लोकांनो, बुरशी. जुलैमध्ये पेटी आठ दिवस उघडली नाही तर पतंगाच्या अंगावर पांढरा कापूस उगवतो. घट्ट झाकणाची पेटी, आत सिलिका जेल, निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करून घ्यायचं. बारीक किडे लागतात त्यासाठी डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात नीट बांधून ठेवा, सुट्या ठेवल्या तर त्या गडगडत जाऊन पंख मोडतात.

पायरी ४: फॅमिली, मग जीनस, मग बाकीचं

नवखे लोक थेट प्रजातीचं नाव शोधायला जातात आणि हरवतात. उतरंड धरा. आधी फॅमिली, म्हणजे अनेक जीनसचं मोठं कुळ. बसण्याची पद्धत बघा: पंख सपाट पसरून भिंतीला चिकटलेला, बारीक अंगाचा, बहुधा जिओमेट्रिडी. निमुळते ताठ पंख आणि जाडजूड अंग, स्फिंजिडी म्हणजे हॉकमॉथ. नराच्या मिशा पिसासारख्या आहेत की दोऱ्यासारख्या, सोंड आहे की नाही, तोंडापुढचे पाल्प नावाचे छोटे अवयव कसे वर वळलेत, हे सगळं नोंदवा. मॉथ्स ऑफ इंडिया ही वेबसाइट मोकळी आहे, तिथे फॅमिलीनुसार फोटो चाळत बसा, दोन महिने रोज अर्धा तास, त्याला पर्याय नाही.

मग शिरा. पंखांवरच्या शिरांची रचना हा जीनस ठरवण्याचा जुना आणि भक्कम मार्ग. खवल्यांमुळे शिरा दिसत नाहीत, तर ब्रशने पंखाच्या खालच्या बाजूला इथेनॉलचा एक थेंब लावा, काही सेकंद पंख काचेसारखा पारदर्शक होतो आणि शिरा स्पष्ट दिसतात, मग वाळला की परत पहिल्यासारखा. पहिल्यांदा हे बघाल तेव्हा तुम्हीही दोनदा-तीनदा करून बघाल.

पायरी ५: जुने कागद

हा माझा सगळ्यात आवडता भाग आणि लोकांचा सगळ्यात नावडता. जॉर्ज हॅम्पसनने फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाचे पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मध्ये लिहिले आणि आजही भारतातल्या पतंगांवर काम करणारा माणूस तिथूनच सुरू करतो. हॅम्पसन शिरांना आकडे देतो, त्यामुळे "शीर ३ आणि ४ एका देठावर" असलं काहीतरी वाचायची सवय करावी लागते. हॉकमॉथ असेल तर बेल आणि स्कॉटचा १९३७ चा खंड घ्या, त्यातला बेल कारवारच्या जंगलात राहून सुरवंट पाळायचा, आणि ते वाचताना माणूस किती वर्षं एका जागी बसून बघत होता हे जाणवतं. आपल्या भागासाठी कर्नल चार्ल्स स्विनहो महत्त्वाचा. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, सुरू केली त्यातला हा एक, आणि १८८५ मध्ये त्याने मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांवर मोठा लेख लिहिला. पुण्याजवळ तुम्हाला काही वेगळं मिळालं तर आधी स्विनहोला सापडलं होतं का ते बघायलाच हवं. ही सगळी जुनी पुस्तकं आणि जर्नल्स बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचायला मिळतात.

करायचं काय, तर तुमच्या जीनसमधल्या आशियातल्या सगळ्या प्रजातींची यादी करा, फक्त भारतातल्या नव्हे, श्रीलंका, म्यानमार, थायलंड धरून, कारण पतंगाला सीमा कळत नाही आणि आपला नवीन वाटणारा पतंग श्रीलंकेत दीडशे वर्षांपूर्वी नोंदलेला निघतो. प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन मिळवा, त्या नावाखाली गाडली गेलेली जुनी नावंही, म्हणजे सिनोनिम. हे विसरलात तर तुम्ही नवीन नाव द्याल आणि कुणीतरी दाखवून देईल की ते जुन्याच पतंगाला दिलेलं दुसरं नाव आहे. मग मूळ स्पेसिमेन, म्हणजे ज्या जपून ठेवलेल्या नमुन्यावरून वर्णन झालं तो, ज्याला टाइप म्हणतात, त्याचे फोटो. ब्रिटिश काळातले बरेचसे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. तिथल्या क्युरेटरला नम्रपणे, नेमका प्रश्न विचारून ईमेल करा. "माझा पतंग ओळखून द्या" असं नाही, "अमुक प्रजातीच्या टाइपचा आणि त्याच्या लेबलांचा फोटो मिळेल का" असं. इथे झेडएसआय म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, त्याचं कोलकात्याचं मुख्यालय आणि पुण्यात आकुर्डीला असलेलं पश्चिम विभागीय केंद्र, आणि मुंबईत बीएनएचएसचा संग्रह. प्रत्यक्ष जाऊन पेट्या बघण्यासारखं शिक्षण नाही.

पायरी ६: जेनिटालिया

पंखांवरची नक्षी फसवते, पण नर-मादीचे जननेंद्रियांचे कठीण भाग प्रजातीगणिक वेगळे असतात, म्हणून पतंगांच्या जगात शेवटचा शब्द बहुतेक वेळा इथे लागतो. लाजायचं काही कारण नाही, सगळे याला जेनिटालियाच म्हणतात.

वाळलेल्या पतंगाचं पोट खालून वर हलकेच दाबलं की टक्कन सुटतं. ते एका छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात टाका आणि ती ट्यूब गरम पाण्याच्या वाटीत उभी करा. पाच-दहा मिनिटांत आतला मऊ भाग विरघळायला लागतो, पाणी चहासारखं होतं. घाई नसेल तर गरम न करता रात्रभर ठेवा, नवीन माणसाला तेच बरं, जास्त शिजलं तर सगळं काचेसारखं होऊन हातातून जातं. हे रसायन कातडी आणि डोळे जाळतं, हातमोजे आणि चष्मा घालूनच बसा, आणि स्वयंपाकघरातली भांडी यासाठी वापरू नका.

मग पोट स्वच्छ पाण्याच्या वॉचग्लासमध्ये, म्हणजे काचेच्या उथळ वाटीत, घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली ट्रिपल झीरोच्या, म्हणजे अगदी बारीक, ब्रशने खवले झाडायचे. ते असे तरंगत सुटतात जसं गिरणीत उन्हाच्या तिरिपेत पीठ दिसतं. दोन बारीक टोकांच्या चिमट्यांनी शेवटचा भाग अलगद ओढला की नराचे अवयव बाहेर येतात: दोन बाजूंना दोन वाल्वा, सांडशीच्या दांड्यांसारख्या, वर मधोमध उंकस नावाचा आकडा, विळ्याच्या टोकासारखा वळलेला, आणि मधून जाणारी फॅलसची नळी, जिच्या आत कधीकधी काटे असतात. हे काटे किती, कुठे, एका रांगेत की झुपक्यात, यावर प्रजाती ठरतात. मादीत पिशवीसारखा कॉर्पस बर्सी बघायचा, आणि त्यात सिग्नम नावाचा कठीण ठिपका आहे का ते. पिशवी रंगहीन असते म्हणून क्लोराझोल ब्लॅकचा अगदी थोडा रंग द्यायचा, मग इथेनॉलमध्ये पाणी काढून युपॅरल नावाच्या चिकट द्रवात काचपट्टीवर कायमचं बसवायचं, किंवा आधी ग्लिसरीनमध्ये ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढून घ्यायचे. मी ग्लिसरीनच्या बाजूने आहे, काचपट्टीवर चपटं केलं की खरा आकार जातो.

एकावर थांबू नका. निदान तीन-चार नर उघडा, आणि शेजारच्या, सारख्या दिसणाऱ्या ओळखीच्या प्रजातीचेही तेवढेच. सहा तासांचं काम आहे पण "फरक आहे" असं म्हणायचा हक्क त्यातूनच मिळतो. पतंगाच्या पिनवर आणि जेनिटालियाच्या नळीवर एकच नंबर हवा, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे ओलेपा. एरंडीच्या पानांवर काळे केसाळ सुरवंट बघितले असतील, त्यातून राखाडी-तपकिरी पंखांवर काळे ठिपके आणि मागचे पंख गुलाबी-लाल असा देखणा पतंग निघतो. फॅब्रिशियसने १७७५ मध्ये ओलेपा रिसिनीचं वर्णन केलं आणि पुढे कितीतरी वर्षं असा दिसणारा पतंग मिळाला की लोक डोळे झाकून रिसिनी लिहीत गेले. २०२० मध्ये झेडएसआयच्या पुण्यातल्या संशोधकांनी बाहेरचं रूप, जेनिटालिया आणि डीएनए तिन्ही एकत्र तपासून उत्तर सह्याद्रीतून या जीनसमधल्या नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या, त्यातली एक ओलेपा सूर्यमाळ, आपल्या मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या नावाची. म्हणजे एरंडीवरचा, सगळ्यांनी बघितलेला पतंग! दूरच्या जंगलातच नवीन मिळतं असं नाही.

पायरी ७: डीएनए, पण एकट्या डीएनएवर नाही

पॉल हेबर्ट या कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या माणसाने २००३ मध्ये डीएनए बारकोडिंगची कल्पना मांडली, आणि तेव्हाही ती पतंगांवरच तपासून दाखवली होती. सीओआय नावाच्या जीनमधली ६५८ अक्षरं वाचायची आणि बोल्ड नावाच्या डेटाबेसमध्ये जुळवून बघायची. पाय इथेनॉलमध्ये ठेवलेत ते इथे कामाला येतात. लॅब नसेल तर विद्यापीठातल्या कुणाशी तरी जोडून घ्या, पैसे देऊन सिक्वेन्सिंग करून देणाऱ्या कंपन्याही आहेत.

दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक आला की लोकांना आनंद होतो, पण ती नुसती अंदाजाची रेघ आहे. एकाच प्रजातीत दूरच्या दोन जागांमध्ये तेवढा फरक येऊ शकतो, आणि खऱ्या दोन वेगळ्या प्रजातींमध्ये कधी एक टक्काही नसतो. शिवाय डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स असतात. रूप, जेनिटालिया आणि डीएनए तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पुढे जा. एक वेगळं बोलत असेल तर थांबा आणि अजून स्पेसिमेन मिळवा.

प्रजाती की उपप्रजाती, हा प्रश्नही इथेच येतो. मादागास्करमधल्या एका ऑर्किडची मधाची नळी जवळजवळ तीस सेंटीमीटर लांब बघून डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. १९०३ मध्ये रॉथशिल्ड आणि जॉर्डन यांनी त्या पतंगाला नाव दिलं पण आफ्रिकेतल्या पतंगाची उपप्रजाती म्हणून. ती वेगळी प्रजाती आहे, झँथोपॅन प्रेडिक्टा, हे २०२१ मध्ये रूप आणि डीएनए दोन्ही तपासून ठरलं. मधे एकशे अठरा वर्षं गेली. तुमचा पतंग दोन महिन्यांत ठरला नाही तर अस्वस्थ होऊ नका.

पायरी ८: वर्णन लिहिणं

प्राण्यांच्या नावांचे नियम आयसीझेडएन या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या कोडमध्ये आहेत, सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू, ऑनलाइन वाचता येते, एकदा तरी वाचा. नाव वैध ठरायला लागणाऱ्या मुख्य गोष्टी अशा: ही नवीन प्रजाती आहे असं स्पष्ट लिहायचं, ती बाकीच्यांपासून कशी वेगळी ते शब्दांत सांगायचं, एकच स्पेसिमेन होलोटाइप म्हणून नेमायचा, आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते लिहायचं. बाकीचे त्याच मालिकेतले पॅराटाइप. होलोटाइप शक्यतो ताजा, पूर्ण पंखांचा, डिसेक्शन आणि डीएनए झालेला नर निवडा. त्याला लाल लेबल लावायची पद्धत आहे.

लेखाचे भाग ठरलेले असतात: स्पेसिमेनची माहिती, डायग्नोसिस, वर्णन, नावाचा अर्थ, कुठे मिळतो, जगण्याच्या सवयी. यात डायग्नोसिसवर सगळ्यात जास्त वेळ घाला. वर्णनात पतंग कसा दिसतो ते डोक्यापासून शेपटीपर्यंत येतं, डायग्नोसिसमध्ये फक्त शेजाऱ्यांपासून कसा वेगळा ते. "पुढचा पंख तपकिरी" हे डायग्नोसिस नाही, सगळ्यांचेच तपकिरी असतात. "जवळच्या अमुक प्रजातीत वाल्वाचं टोक गोल, इथे दोन दातांचं" हे डायग्नोसिस. मापं लिहा, पुढच्या पंखाची लांबी बुडापासून टोकापर्यंत मिलिमीटरमध्ये, आणि किती नगांवरून मोजली तेही. फोटो वरून आणि खालून, एकाच उजेडात, बाजूला स्केल. "सुंदर", "आकर्षक" हे शब्द काढून टाका, ते तुमच्या वहीत राहू दे.

नाव. हा भाग लोकांना सगळ्यात आधी सुचतो, तो शेवटी करा. जागेवरून द्यायचं तर बहुधा शेवटी एन्सिस लागतं, पुरुषाच्या नावावरून आय, बाईच्या नावावरून एई. विशेषण वापरलं तर त्याचं लिंग जीनसच्या लिंगाशी जुळलं पाहिजे. स्वतःचं नाव कुणी देत नाही. एकाच जीनसमध्ये तेच नाव आधी वापरलेलं नसावं, आणि जीनस नवीन करत असाल तर संपूर्ण प्राणीजगतात ते नाव नसावं. ओलेपाचीच गंमत बघा, वॉकरने या जीनसला आधी अलोपे नाव दिलं होतं, पण ते एका कोळंबीच्या जीनसला आधीच दिलेलं निघालं. म्हणून १९८० मध्ये वॉटसनने त्याच नावातली अक्षरं फिरवून ओलेपा केलं. मला वैयक्तिक विचाराल तर गावाचं, डोंगराचं, तिथल्या झाडाचं नाव द्या. ज्या गावाने रात्रभर वीज दिली त्याचं नाव जगभराच्या यादीत गेलं की गावातली पोरं पुढच्या वर्षी स्वतःहून चादर बांधायला येतात.

पायरी ९: जमा करणं आणि छापणं

छापायच्या आधीच होलोटाइप सार्वजनिक संग्रहात जमा करून त्याचा रजिस्टर नंबर घ्या, तो लेखात लागतो. जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवीन प्रजाती सापडली की ठरवून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिथे स्पेसिमेन देणं बंधनकारक आहे, आपल्यासाठी म्हणजे बहुधा झेडएसआय. घरी कपाटात होलोटाइप ठेवणं हे त्या पतंगावर अन्याय करणं आहे, आज ना उद्या ती पेटी किडे खाणार.

जर्नल निवडताना झूटॅक्सा, झूकीज, किंवा कोइम्बतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा यांसारखी, जिथे पतंग ओळखणारे लोक तपासतात अशी निवडा. आठवड्यात छापून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर छापण्याआधी झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी झालेली आणि तो नंबर लेखात छापलेला हवा, नाहीतर नाव वैध होत नाही. पेपर येण्याआधी नवीन नाव फेसबुकवर, वर्तमानपत्रात, कुठेही टाकू नका, मित्रांनाही नाही.

तपासणारे परत पाठवतील. माझा पहिला पेपर आला तेव्हा पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मादी तपासलेली नाही, आणि शेजारच्या प्रजातीचा टाइप बघितलेला नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, मग टाइपचा फोटो मागवला आणि दीड महिन्यात दुरुस्त करून पाठवला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मादी राहिली असेल तर पेपरमध्ये "मादी अज्ञात" लिहून पुढे जाता येतं, बऱ्याच वर्णनांमध्ये तसंच असतं. मग पुढच्या जूनमध्ये त्याच जागी, त्याच उंचीवर परत चादर लावा, पण या वेळी दिवसाही फिरा आणि आसपासच्या झाडांची खालची पानं उलटून बघा. बऱ्याच माद्या दिव्याला फार कमी येतात, सुरवंट आणून त्याच झाडाचा पाला घालून डब्यात वाढवला तर मादीही मिळते आणि खायचं झाडही कळतं. डब्याच्या झाकणाला जाळी लावा, पाला रोज बदला, आणि कोश झाला की आत एक काडी तिरकी उभी ठेवा, बाहेर पडलेल्या पतंगाला पंख पसरायला चढून लटकावं लागतं.